मंगळवारी एम-थ्री

शनिवार, संध्याकाळचे सहा. मे महिना असल्यामुळे वाचनकक्षातले सगळे पंखे पाचावर आहेत आणि तरी पोरांच्या पाठी ओल्या. कागद उडू नयेत म्हणून जो तो वहीवर काहीतरी ठेवतोय: पाण्याची बाटली, कंपास, कॅल्क्युलेटरचं झाकण. पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, संपत आली. मंगळवारी सकाळी सेकंड इयर मेकॅनिकलचा एम-थ्रीचा पेपर आहे, इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स भाग तीन. सीनियर पोरं या विषयाबद्दल एवढं काही सांगून ठेवतात, की पुस्तक उघडण्याआधीच निम्मी पोरं घाबरलेली असतात.

कॉलेज पुण्याच्या वेशीवरचं, पण इथे बसलेल्यांत पुण्याची मुलं थोडी. बार्शी, नंदुरबार, अमरावती, चिपळूण. मी गणित शिकवते आणि पीएल लागली की संध्याकाळी इथे येऊन बसते. शंका सोडवायला तर येतेच, पण पोरं अभ्यास करतात म्हणजे नेमकं काय करतात ते इथे दिसतं. वर्गात ते कधीच दिसत नाही.

खिडकीजवळ बार्शीचा मुलगा बसलाय. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. अशा मुलांचे प्रवेश उशिरा होतात, ती येईपर्यंत वर्गात बरंच शिकवून झालेलं असतं, आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी इतरांसारखं बसून केलेलं नसतं. हा मुलगा मेहनती आहे. त्याच्यासमोर सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचं जाडजूड पुस्तक उघडं आहे आणि बोटांत तीन हायलायटर. सूत्र पिवळं, उत्तर हिरवं, दोनदा विचारून गेलेलं ते गुलाबी. वाचताना त्याचे ओठ हलतायत.

"कुठवर आलं रे?"

"स्टॅट्स संपलं की मॅडम. तीनदा वाचून काढलंय."

"मग एक सोडवून दाखवतोस?"

"दाखवतो की."

मी पुस्तक मिटून माझ्याकडे घेते आणि एक पाठकोरा कागद त्याच्यापुढे सरकवते. वर गणित लिहून देते. दोन रिग्रेशन लाइन: ८ एक्स − १० वाय + ६६ = ० आणि ४० एक्स − १८ वाय = २१४. एक्सचा व्हेरियन्स ९. दोघांचे मीन, कोरिलेशन कोइफिशंट आर आणि वायचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढायचं. फार जुनं गणित आहे, कितीतरी पुस्तकांत सापडेल. त्याच्या पुस्तकातही आहे आणि त्यावर गुलाबी रंग आहे.

"हे तर येतंय," म्हणत तो सुरू करतो. दोन्ही रेषा मीनमधून जातात हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून दोन समीकरणं एकत्र सोडवतो. एक्सचा मीन १३, वायचा १७. बरोबर. अक्षर सुरेख, उत्तराभोवती चौकट. पुढच्या पायरीला पेन थबकतं. दोन रेषांपैकी वाय ऑन एक्स कोणती आणि एक्स ऑन वाय कोणती, हे प्रश्नात दिलेलं नाही. तो माझ्या हातातल्या मिटलेल्या पुस्तकाकडे बघतो. मग पहिली रेषा एक्स ऑन वाय धरतो आणि दुसरी वाय ऑन एक्स. एक कोइफिशंट १.२५ येतो, दुसरा २.२२. गुणाकार २.७८, वर्गमूळ १.६७. त्यालाही चौकट पडते.

समोर बसलेली नंदुरबारची मुलगी मान तिरकी करून कागदाकडे बघतेय. "आर एकच्या वर कसा जाईल?"

तो चौकटीकडे बघतो. आरची किंमत उणे एक ते अधिक एक यांच्यामध्येच राहते, हेही त्याने पिवळं केलेलं आहे. "नाही जात," तो म्हणतो.

"मग?"

"गणित चुकलं."

"कुठे?"

आधी तो आकडेमोड तपासतो. कॅल्क्युलेटरवर सगळं परत करतो आणि पुन्हा १.६७ येतं, कारण आकडेमोडीत चूक नाहीच. नंदुरबारची सांगायला पुढे झुकते, मी तिला डोळ्यांनी थांबवते. तो पेनाचं टोपण काढतो, घालतो, काढतो. बराच वेळ जातो. शेवटी दोन्ही रेषांच्या डोक्यावर लिहिलेली नावं खोडून त्यांची अदलाबदल करतो. आता ०.८ आणि ०.४५. गुणाकार ०.३६. दोन्ही कोइफिशंट धन, म्हणून आर ०.६. तिथून सिग्मा वाय, म्हणजे वायचं स्टँडर्ड डेव्हिएशन, ४ काढायला त्याला मिनिटही लागत नाही.

मी पुस्तक उघडून ते पान त्याच्यासमोर धरते. "पहिली रेषा वाय ऑन एक्स मानू," अशी एक ओळ आहे आणि त्या ओळीवर कुठलाच रंग नाही. तिच्या वरचं आणि खालचं सगळं रंगलेलं.

माझं सगळं म्हणणं त्या एका ओळीत आहे. गणितात ठरवण्याची जागा तेवढीच होती आणि ती पुस्तकाने परस्पर निपटून टाकली होती. उरलं ते गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ, जे या मुलाला आठवीपासून येतं. सोडवलेलं उत्तर वाचताना प्रत्येक पायरी पटते आणि पटली म्हणजे आली असं वाटतं. परीक्षेत मात्र पटवून घ्यायला कोणी बसलेलं नसतं. कोणती रेषा, कोणतं सूत्र, कोणता प्रश्न आधी, कुठे सोडून द्यायचं, हे सगळं आपल्यालाच ठरवावं लागतं. आणि हे ठरवायचा सराव आमची पोरं वर्षभरात जवळजवळ करतच नाहीत. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ही मुलं रात्र रात्र जागतात. त्यांचे तास चुकीच्या कामावर खर्च होतात, आणि हे त्यांना कोणी वेळेवर सांगत नाही.

एव्हाना आजूबाजूचे चार-पाच जण खुर्च्या ओढून जवळ आलेत. मी त्यांना एका प्रयोगाचे आकडे सांगते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांच्या एका गटाने एक उतारा चारही सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के. लिहून काढणारे ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१.

"म्हणजे पाच मिनिटांनी पेपर असता तर आपण टॉपर," चिपळूणची मुलगी म्हणते.

"आणि आपण उलटंच करून राहिलो ना बे," अमरावतीचा शेजारच्याला कोपराने ढोसतो.

त्या प्रयोगातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल असं मुलांना आधीच विचारलं होतं, आणि जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांनाच. वाचनकक्षात फिरताना ही खात्री मला चेहऱ्याचेहऱ्यावर दिसते. तिचीच मला काळजी वाटते. ज्याला येत नाही हे कळतं तो विचारायला तरी येतो.

सात वाजता टेबलावर स्टीलचा डबा येतो. आत चिठ्ठ्या आहेत. जुन्या प्रश्नपत्रिकांची झेरॉक्स काढून, कात्रीने एकेक उपप्रश्न वेगळा करून, युनिटचं नाव आणि प्रश्नाचा क्रमांक कापून टाकलेल्या. पोरांनी याला नाव दिलंय ओळख परेड. चिठ्ठी उचलायची, मोठ्याने वाचायची आणि मिनिटभरात सांगायचं: हे काय आहे, पहिली पायरी कोणती आणि तीच का. सोडवायचं नाही.

चिपळूणची पहिली चिठ्ठी उघडते. यंत्रातून निघणाऱ्या भागांपैकी २ टक्के सदोष असतात. २०० भागांच्या खोक्यात पाचपेक्षा जास्त सदोष निघण्याची शक्यता काढा.

"बायनॉमिअल," अमरावतीचा लगेच.

"का?"

"चांगला किंवा सदोष. दोनच शक्यता."

"चूक नाही म्हणत मी. पण एन २०० आहे. करशील?"

तो मनात मांडून बघतो. नंदुरबारची म्हणते, "एन मोठा, पी लहान. पॉयसन घ्यायचं. मीन २०० गुणिले ०.०२, म्हणजे ४."

"आणि पाचपेक्षा जास्त?"

"एकातून शून्य ते पाचची बेरीज वजा." हे ती वही न बघता सांगते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली ही मुलगी. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर ॲट लीस्ट, ॲट मोस्ट, नॉट मोर दॅन, एक्झॅक्टली अशी यादी आहे आणि प्रत्येकासमोर गणिती चिन्ह. वर्गात इंग्रजी फाडफाड बोलणारी मुलंही पेपरात इथेच घसरतात. तिने ती जागा हेरून बांध घातलाय.

पुढची चिठ्ठी: बल्बचं सरासरी आयुष्य दिलंय, स्टँडर्ड डेव्हिएशन दिलंय, अमुक तासांच्या आत किती बल्ब जातील. "नॉर्मल," दोघं एकदम. त्यापुढची: एका बिंदूपाशी, दिलेल्या व्हेक्टरच्या दिशेने डिरेक्शनल डेरिव्हेटिव्ह. "ग्रेडियंट काढायचा, डॉट प्रॉडक्ट घ्यायचा," बार्शीचा म्हणतो आणि चिठ्ठी खाली ठेवतो. मी ती उचलून परत त्याच्या हातात देते. तो पुन्हा वाचतो. "युनिट व्हेक्टर! मॅग्निट्यूडने भागायचं राहिलं." विद्यापीठाच्या कॅपला, म्हणजे मध्यवर्ती ठिकाणी बसून पेपर तपासतो तिथे, ही चूक गठ्ठ्यागठ्ठ्याला भेटते. सगळं बरोबर, शेवटी दिशेच्या व्हेक्टरला त्याच्या लांबीने भागलेलंच नाही.

सरमिसळ करून सराव करणं त्रासाचं वाटतं, पोरं कुरकुरतात. एका युनिटची पंधरा गणितं सलग केली की हात सुटतो, बरं वाटतं, संध्याकाळ कारणी लागल्यासारखी वाटते. पण धड्याच्या नावानेच रीत सांगून टाकलेली असते. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये याच गोष्टीवरचा प्रयोग छापला. कॉलेजच्या मुलांना चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेक प्रकार सलग, दुसऱ्याला चारही मिसळून. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के गणितं बरोबर येत होती, मिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर. हे आकडे मी फळ्यावर लिहिते आणि पुढे बोलत नाही. डबा फिरत राहतो.

साडेआठच्या सुमाराला कटिंग चहा येतो आणि त्याच्याबरोबर नेहमीचा विषय.

"मॅडम, पीडीई ऑप्शनला टाकलं तर?" विचारणारा मागच्या बाकावरचा, आतापर्यंत गप्प होता. पीडीई म्हणजे पार्शल डिफरन्शिअल इक्वेशन्स, आणि ऑप्शनला टाकणं म्हणजे ते युनिटच सोडून देणं.

मी जुनी प्रश्नपत्रिका त्याच्यापुढे ठेवते. ७० गुण, अडीच तास. प्रश्न १ किंवा २, ३ किंवा ४, ५ किंवा ६, ७ किंवा ८. "बघ, एक आणि दोन कुठल्या युनिटचे आहेत?"

"स्टॅट्स. दोन्ही."

"सात आणि आठ?"

"पीडीई." तो थांबतो. "दोन्ही पीडीईच."

प्रश्नपत्रिकेची ही रचना पोरं सहा-सहा महिने हातात बाळगतात, पण अशी वाचत नाहीत. पर्याय युनिटच्या आत आहे. इथे अख्खं युनिट सोडलं की सतराएक गुण सरळ गेले, पेपर ५३ चाच उरला, आणि त्या ५३ मध्ये चुकायला जागा राहिली नाही. सोडायचाच तर युनिटमधला एखादा प्रकार सोडता येतो. हीट इक्वेशन नीट करायचं आणि वेव्ह इक्वेशनची निदान मांडणी तरी येईल एवढं बघायचं. मागच्या बाकावरचा खुर्ची पुढे घेतो आणि हीट इक्वेशन कुठून सुरू करू म्हणून विचारतो. त्याला मी अमरावतीच्या शेजारी बसवते. अमरावतीच्याला ते चांगलं येतं, आणि सांगताना त्यालाच त्यातली भोकं सापडतील. सापडतातही. दहा मिनिटांत तो विचारायला येतो की दोन्ही टोकांना तापमान शून्य असेल तर कोसाइनचं पद का जातं. पाठ होतं, कारण कधी विचारलं नव्हतं.

दहा वाजता मी दिवे बंद करायला लावते. उद्या सकाळी दहा ते साडेबारा पूर्ण पेपर आहे, खऱ्या वेळेत. नाइट मारू नका असं मी दारात उभी राहून प्रत्येकाला सांगते. निम्मी ऐकतील.

रविवार. दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, मंगळवारी यांच्यापैकी बऱ्याच जणांचा ब्लॉक, म्हणजे परीक्षेचा वर्ग, याच मजल्यावर येणार. वीसेक जण आलेत. मोबाइल बाहेरच्या टेबलावर, बॅगा भिंतीला, मनगटावर साधं घड्याळ, हॉल तिकीटसुद्धा आणायला लावलंय. खिडकीवरच्या बाकावर ऊन येतं, तिथे बसलेल्याला मी हलवत नाही. परवा तीच जागा आली तर कोणाला सांगणार?

नंदुरबारची दुसऱ्या रांगेत आहे आणि तिचा पेन धरलेला हात थरथरतोय. काल डब्यातून सगळ्यात जास्त चिठ्ठ्या ओळखणारी हीच. अजून पंधरा मिनिटं आहेत. मी तिच्याजवळ एक कोरा कागद ठेवते. "काय वाटतंय ते लिही. मराठीत लिही, मी वाचणार नाही." शिकागो विद्यापीठातल्या जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांनी २०११ मध्ये सायन्स या नियतकालिकात हे मांडलं होतं: परीक्षेच्या तोंडावर दहा मिनिटं मनातली धास्ती कागदावर उतरवली की फार घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारले. प्रत्येकाला हे लागू पडेल असा माझा दावा नाही. ती लिहिते. पान भरतं, उलटते, मागेही लिहिते. मग कागदाची घडी करून कंपासमध्ये घालते आणि पाणी पिते.

दहा. प्रश्नपत्रिका पालथ्या होत्या, त्या उलटतात. पहिली पाच मिनिटं पेन उचलायचं नाही असं ठरलंय. नुसतं वाचायचं आणि प्रत्येक जोडीत जो प्रश्न घ्यायचा त्याच्यासमोर खूण करायची. अमरावतीच्याला धीर धरवत नाही. तो पट्टीने समास आखतो, दोनदा अधोरेखित मथळा लिहितो आणि पहिल्याच प्रश्नावर तुटून पडतो. दुसरा वाचलाय का? नाही वाचलेला. पहिल्यातला तिसरा उपप्रश्न त्याला न येणारा आहे, आणि हे त्याला वीस मिनिटांनी कळणार आहे.

फळ्यावर मी हिशेब लिहून ठेवलाय. १५० मिनिटांतून सुरुवातीचं वाचन आणि शेवटची तपासणी यांची १५ काढली की १३५ उरतात, गुण ७०. एका गुणाला दोन मिनिटंही नाहीत. सहा गुणांच्या उपप्रश्नाला साडेअकरा मिनिटं, सतरा गुणांच्या प्रश्नाला तेहेतीस. पुढे सरकायचं की नाही हे घड्याळाने ठरवायचं, मनाने नाही. मन म्हणतं आत्ता सुटेल.

दहा चाळीस. अमरावतीचा पहिला प्रश्न अर्धा सोडून दुसऱ्यावर गेलाय. पुरवणी मागायला हात वर करतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर घाम आहे. मी पुरवणी देते, बोलत नाही. काल तो पॉयसन आणि बायनॉमिअलमध्ये अडकला होता, आज त्याला विषय येतोय आणि पेपर येत नाहीये. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि दुसरं आमच्या कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

अकरा वीस. बार्शीचा व्हेक्टर कॅल्क्युलसच्या एका उपप्रश्नावर थांबलाय. इंटिग्रलच्या मर्यादा त्याला लावता येत नाहीयेत. पेन टेकवतो, खोडतो, परत टेकवतो. मनगटाकडे बघतो. मी लांबून बघतेय आणि माझाही श्वास अडकलाय. तो सूत्र लिहितो, आकृती काढतो, जिथवर आलं तिथवर पायऱ्या मांडतो, खाली अर्धं पान कोरं सोडतो आणि नव्या पानावर पुढच्या प्रश्नाचा क्रमांक टाकतो. उठून त्याची पाठ थोपटावी असं मला वाटतं. न सुटलेलं गणित तसंच सोडून पुढे जाणं फार अवघड आहे, विशेषतः ज्याला आपण मागे पडलोय असं सतत वाटतं त्याला.

त्या सोडलेल्या गणिताचेही गुण मिळतात. तपासताना आम्ही पायरीपायरीला गुण देतो. सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, मग आकडेमोडीत घसरला तर पुढचे जातात, मागचे राहतात. पण लिहिलेलंच नसेल तर कशाला देणार? उन्हातल्या बाकावरच्या मुलाच्या कागदावर मला तेच दिसतंय. कोरिलेशनच्या प्रश्नात त्याने कॅल्क्युलेटरच्या स्टॅट मोडमध्ये आकडे भरले आणि थेट उत्तर उतरवलं. कोष्टक नाही, बेरजा नाहीत. उत्तर बरोबर असलं तरी गुण कापले जातील, आणि एखादा आकडा चुकीचा दाबला गेला असेल तर सगळंच गेलं. तपासणाऱ्याच्या पुढ्यात गठ्ठा असतो. त्याला प्रश्नाचा क्रमांक समासात सापडला पाहिजे, नवा प्रश्न नव्या पानावर दिसला पाहिजे, आणि खाडाखोड एका तिरप्या रेघेत संपली पाहिजे. ही तपासणाऱ्यावरची मेहरबानी नाही, आपले गुण त्याच्या नजरेला पडावेत म्हणूनची सोय आहे.

बारा वाजतात. नंदुरबारची शेवटच्या प्रश्नावर आहे आणि हात स्थिर आहे. सव्वाबाराला ती पेन ठेवून मागची पानं चाळते, एका ठिकाणी थांबते, कॅल्क्युलेटर उचलून त्याचा मोड बदलते आणि तीन ओळी खोडून पुन्हा लिहिते. डिग्रीवर होता, रेडियनवर हवा होता. तपासणीच्या या मिनिटांनी तिचे तीन-चार गुण वाचवले असतील.

साडेबारा. पेन खाली. कोणी उठत नाही, उठायचं नाहीये. पेपरांची अदलाबदल होते आणि हिरव्या पेनाने शेजाऱ्याचा पेपर तपासायचा. मी फळ्यावर पायऱ्या आणि त्यांचे गुण लिहीत जाते. मग फळ्यावर तीन रकाने: आलंच नाही, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. प्रत्येकाने आपले गेलेले गुण या तिघांत वाटायचे.

अमरावतीचा वाटून झाल्यावर बराच वेळ कागदाकडे बघत राहतो. सगळ्यात जास्त गुण तिसऱ्या रकान्यात गेलेत. "मला वाटलं होतं माझं पीडीई कच्चं आहे," तो म्हणतो. त्याला रात्रभर जागून पीडीई परत वाचायचं होतं. आता त्याला कळलंय की पहिली पाच मिनिटं पेन न उचलण्याचा सराव त्याहून जास्त देईल.

मधल्या रकान्याला पोरं सिली मिस्टेक म्हणतात आणि हसून सोडून देतात. मी सोडू देत नाही. मागच्या दोन चाचण्यांचे पेपर आणायला सांगितले होते, ते काढायला लावते. चिपळूणचीच्या तिन्ही पेपरांत एकच चूक आहे. समीकरणाच्या एका बाजूचं पद दुसरीकडे नेताना, कंस असला की आतल्या दुसऱ्या पदाचं चिन्ह बदलायचं राहतं. दरवेळी. एवढ्या नेमाने होते ती चूक वेंधळेपणाची नसते. तिला जागा आहे, आणि जागा माहीत असली की पहारा बसवता येतो. "तुझ्या कार्डावर हे पहिलं लिही," मी सांगते. प्रत्येकाने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर आपल्या दोन-तीन ठरलेल्या चुका लिहायच्या. मंगळवारी ब्लॉकमध्ये शिरण्याआधी शेवटचं बघायचं ते एवढंच, दारात उभं राहून पुस्तक चाळायचं नाही. बार्शीचा लिहितो: "उत्तर शक्य आहे का ते बघ. आर एकच्या आत. प्रोबॅबिलिटी एकच्या आत." खाली: "युनिट व्हेक्टर."

त्याला ७० पैकी ३८ पडलेत. तो पुन्हा बेरीज करतो, शेजाऱ्यालाही करायला लावतो. मग कागद घेऊन माझ्याकडे येतो.

"मॅडम, ते व्हेक्टरचं अर्धं राहिलेलं आत्ता करू? उत्तर नका दाखवू."

"जेवण? आज मेसला फीस्ट असेल ना?"

"जातो की नंतर. लिमिट कशा लावायच्या ते डोक्यात आलंय आत्ता." तो तिथेच, फळ्याखालच्या बाकावर बसतो, आकृती नव्याने काढतो आणि या वेळी आधी मर्यादा लिहितो, मग इंटिग्रल.

बाकीचे बॅगा उचलतायत. उद्या संध्याकाळी सहाला पुन्हा जमायचं ठरतं. नवीन काही उघडायचं नाही, प्रत्येकाने आपल्या पहिल्या दोन रकान्यांतलंच न बघता सोडवायचं, आणि दहाला झोपायचं. अमरावतीचा स्टीलचा डबा हातात घेऊन उभा आहे. एम-थ्रीनंतर शुक्रवारी फ्लुइड मेकॅनिक्स.

"मॅडम, फ्लुइडच्या चिठ्ठ्या आम्हीच करू का? तीन वर्षांच्या पेपरांची झेरॉक्स आहे माझ्याकडे."

"करा. फक्त युनिटचं नाव कापायला विसरू नका."

"नाही विसरत," तो म्हणतो आणि खाली कात्री शोधायला जातो.